स्वतंत्र संगीत आणि त्याचा शेवटचा मालक

गणेशचतुर्थी जवळ आली की मालवण-कसाल रस्त्यावर कट्टा बाजारापासून पुढे प्रत्येक नाक्यावर एकच मजकूर वेगवेगळ्या रंगांत दिसू लागतो : ‘डबलबारी भजनाचा जंगी सामना’. दोन बुवांचे फोटो, मधे ‘विरुद्ध’, खाली पखवाज आणि तबला वाजवणाऱ्यांची नावं, आणि सर्वांत खाली, बुवांपेक्षा मोठ्या फोटोत, ‘सौजन्य’. ही पत्रकं मी बरीच वर्षं जमवतो आहे. ज्या पत्र्याच्या ट्रंकेत ती ठेवतो, तिच्या तळाशी आणखी एक चवड आहे : १९८० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत ऐकलेल्या रॉक कार्यक्रमांच्या तिकिटांचे अर्धे तुकडे. घरच्यांच्या मते या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही. माझंही बराच काळ तेच मत होतं. या लेखात मी त्या संबंधाचा शोध घेतो आहे, आणि तो घेताना चाहता म्हणून माझ्या स्वतःच्या वागण्याचा हिशेबही मांडावा लागणार आहे.

‘इंडी’ म्हणजे कुणापासून स्वतंत्र?

आजची तरुण मुलं ज्याला ‘इंडी’ म्हणतात तो शब्द ‘इंडिपेंडंट’चं लघुरूप आहे. ब्रिटनमध्ये त्याचा अर्थ सरळ होता. १९७७ साली मँचेस्टरच्या बझकॉक्स या बँडने ‘स्पायरल स्क्रॅच’ ही चार गाण्यांची तबकडी उसनवारीच्या पैशांतून स्वतःच काढली, मोठ्या कंपनीची वाट पाहिली नाही. पुढच्याच वर्षी लंडनमधल्या ‘रफ ट्रेड’ या रेकॉर्डच्या दुकानाने स्वतःचं लेबल सुरू केलं. तिथे स्वातंत्र्य होतं ते मोठ्या रेकॉर्ड कंपन्यांपासून. गाणं कोणतं छापायचं, मुखपृष्ठावर काय असावं, हे बँडने ठरवायचं.

आपल्याकडे अर्थ बदलतो. इथे संगीताचा मोठा मालक चित्रपट. रेडिओ, कॅसेट, वरात, गणपतीचा मंडप, सगळीकडे चित्रपटाचं गाणं. त्यामुळे भारतात ‘इंडी’चा व्यवहारातला अर्थ ‘चित्रपटात नसलेलं’ असा झाला. हा अर्थ मान्य केला, तर एक गमतीचा निष्कर्ष निघतो. आमच्या जिल्ह्यातली भजनमंडळं आणि दशावतारी कंपन्या या व्याख्येत ‘इंडी’ शब्द जन्माला येण्याच्या आधीपासून बसतात. त्यांना कंपनीचा करार नव्हता, चित्रपटाचा आधार नव्हता. गावाने बोलवावं, सुपारी द्यावी, रात्र जागवावी आणि दुसऱ्या गावाला जावं, हा त्यांचा व्यवहार. इंग्रजीत ज्याला ‘टूर’ म्हणतात त्याला आमच्याकडे दशावतारी मंडळी कार्तिकापासूनचा जत्रांचा हंगाम म्हणतात.

पण हे साम्य इथेच सोडून दिलं तर तो नुसता अभिमानाचा मुद्दा होईल. कंपनी नाही, चित्रपट नाही, म्हणून कलावंत स्वतंत्र झाला का? आज रात्री काय गायचं हे अखेर ठरवतं कोण?

शिवोलीचं घर

या प्रश्नाचं एक उत्तर आमच्या अगदी शेजारी सापडतं. रेडीहून तेरेखोलची खाडी ओलांडली की पेडणे तालुका, आणि त्याच्या पलीकडे शापोरा नदीच्या दक्षिण काठावर शिवोली. १९८४ मध्ये या गावात रेमो फर्नांडिस यांनी ‘गोअन क्रेझी’ हा गाण्यांचा संग्रह आपल्या घरी ध्वनिमुद्रित केला. साधन होतं चार ट्रॅकचं कॅसेट-यंत्र. गाणी त्यांची, आवाज त्यांचा, वाद्यंही बहुतेक त्यांनीच वाजवलेली. पहिल्या ट्रॅकवर एक वाद्य, ते ऐकत दुसऱ्यावर दुसरं, अशी चळत रचत जायचं. कॅसेट तयार झाल्यावर स्कूटरवर घालून त्यांनी ती स्वतः दुकानांत पोचवली. पाठोपाठ ‘ओल्ड गोअन गोल्ड’ आणि ‘पॅक दॅट स्मॅक’ आले. चित्रपटाने आणि मोठ्या कंपन्यांनी त्यांना बोलावलं ते ‘गोअन क्रेझी’नंतर.

रेमोंविषयी लिहिताना बहुतेक जण स्कूटरची गोष्ट सांगतात आणि थांबतात. मला त्यातली दुसरी बाजू महत्त्वाची वाटते. घरात बसून, एकट्याने, चार ट्रॅकवर गाणं रचताना समोर श्रोता नव्हता. ‘हे नको, ते वाजव’ म्हणणारं कुणी नव्हतं. गाणं पूर्ण झालं आणि मग श्रोत्यापुढे गेलं. ज्याला ते नको असेल त्याने कॅसेट घेऊ नये, इतकाच त्याचा अधिकार. गोव्यातल्या गावगप्पा, तिथलं राजकारण, पर्यटकांची तऱ्हा हे विषय लग्नाच्या किंवा हॉटेलच्या मंचावर, फर्माईश करणाऱ्यांच्या समोर, इतक्या मोकळेपणी रचले गेले असते असं मला वाटत नाही. तिथे ऐकणाऱ्याला ओळखीचं गाणं हवं असतं.

म्हणजे कॅसेट-यंत्राने रेमोंना कंपनीपासून सोडवलं, तसंच काही काळापुरतं चाहत्यापासूनही सोडवलं.

रंगभवनातली आरोळी

आता मुंबई. बारावीनंतर मी परळला मामांच्या आश्रयाने राहिलो. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या गिरणी संपाने मामांची नोकरी गेली होती, पण गावकीच्या खोलीतलं भजन चालू होतं. शनिवारी रात्री त्या खोलीत पेटी, पखवाज, झांजा आणि वीस-पंचवीस माणसं. त्याच शनिवारी संध्याकाळी कधी कधी मी धोबीतलावला असे, सेंट झेवियर्स महाविद्यालयाला लागून असलेल्या रंगभवनात.

रंगभवन हे खुलं नाट्यगृह. १९७८ साली ‘जॅझ यात्रा’ हा महोत्सव इथे सुरू झाला. १९८६ मध्ये फरहाद वाडिया यांनी ‘इंडिपेंडन्स रॉक’ सुरू केला. ऐन ऑगस्टात, स्वातंत्र्यदिनाच्या आगेमागे, वर छप्पर नाही, कधी पाऊस, आणि एकामागून एक बँड. तिकीट माझ्यासारख्याला परवडणारं. माझं इंग्रजी कच्चं होतं, निम्मे शब्द कळत नसत. पण ढोलाचा ठोका छातीत बसतो तो काही भाषा विचारून बसत नाही. जत्रेतल्या ढोलांवर वाढलेल्या मुलाला ते शिकवावं लागलं नाही.

त्या काळच्या मुंबईच्या रॉकचा मुख्य व्यवहार नकलेचा होता. डीप पर्पल, लेड झेपेलिन, आयर्न मेडन यांची गाणी जो बँड हुबेहूब वाजवेल तो मोठा. गिटारवरचा एखादा प्रसिद्ध तुकडा सुरासुराने जमला की मैदान डोक्यावर घेतलं जाई. याचं कारण समजण्यासारखं होतं. परदेशी बँड इथे क्वचित येत. तबकड्या महाग आणि दुर्मीळ. कॅसेटवरून कॅसेट उतरवून ऐकलेलं गाणं प्रत्यक्ष, मोठ्या आवाजात, समोर वाजताना ऐकायचं, तर नकलेशिवाय दुसरी सोय नव्हती. इथला बँड आम्हाला हवा होता तो दुसऱ्या बँडच्या जागी उभा राहण्यासाठी.

एके वर्षी कुठल्याशा महाविद्यालयाचा एक बँड मंचावर आला. दोन गाणी सगळ्यांच्या ओळखीची झाली. मग गायक म्हणाला, आता आमचं स्वतःचं. गाणं संथ होतं, सुरुवातीला नुसती गिटार. अर्धा मिनिट झाला असेल. मी ओरडलो. एका परदेशी बँडचं नाव घेऊन ओरडलो, आणि आसपासच्या पंधरा-वीस जणांनी ती आरोळी उचलली. गायक थोडा वेळ गात राहिला. मग त्याने गिटारवाल्याकडे पाहिलं, गाणं तिथेच सोडलं आणि आम्ही मागितलेलं सुरू केलं. आम्ही नाचलो. तिकिटाचा तुकडा ट्रंकेत आहे, बँडचं नाव मला आठवत नाही. ते अर्धवट गाणं मात्र, म्हणजे त्याची सुरुवातीची गिटार, अजून आठवते. पुढे काय होतं ते मला कधीच कळणार नाही.

या एका प्रसंगावरून सिद्धान्त मांडता येत नाही हे मला ठाऊक आहे. पण त्या काळातल्या सर्वांत महत्त्वाच्या बँडची वाटचाल पाहिली तर हाच पेच दिसतो. ‘रॉक मशीन’ १९८४ मध्ये मुंबईत उभा राहिला तो इतरांसारखाच परदेशी गाणी वाजवत. मग त्यांनी स्वतःची गाणी वाजवायचं ठरवलं. १९८८ मध्ये ‘रॉक अँड रोल रेनेगेड’ आणि १९९० मध्ये ‘द सेकंड कमिंग’ हे त्यांचे संग्रह आले. १९९३ मध्ये त्यांनी नाव बदलून ‘इंडस क्रीड’ केलं, सिंधूशी नातं सांगणारं. त्याच वर्षी ‘प्रिटी चाइल्ड’ या गाण्याच्या चित्रफितीला एमटीव्हीचा आशियातल्या प्रेक्षकपसंतीचा पुरस्कार मिळाला. १९९५ मध्ये नव्या नावाने संग्रह आला. उदय बेनेगल यांचा आवाज, महेश तिनईकर यांची गिटार, झुबिन बालापोरिया यांची की-बोर्ड ही नावं तेव्हा आमच्या तोंडी असत.

या बँडचं मूल्यमापन करताना दोन ठरावीक मतं मांडली जातात. एक : त्यांची सुरुवातीची गाणी अमेरिकी हार्ड रॉकच्या साच्यातली होती, त्यात ‘इथलं’ काही नव्हतं. दुसरं : तेच भारतीय रॉकचे जनक. पहिल्या मतात तथ्य आहे. त्या दोन संग्रहांतल्या गिटारची धाटणी, गायकाचा वरचा सूर, ध्रुवपदाची रचना परदेशी साच्याची आहे. तरीही मला ते संग्रह महत्त्वाचे वाटतात, आणि त्याचं कारण सुरांत नसून व्यवहारात आहे. माझ्यासारखे लोक समोर ओरडत असताना त्यांनी अनोळखी गाणं पूर्ण वाजवलं, पुढच्या वेळी पुन्हा वाजवलं, आणि ते ओळखीचं होईपर्यंत वाजवत राहिले. साचा परका असेल, पण त्या रात्री काय वाजेल हे ठरवण्याचा हक्क त्यांनी श्रोत्यांकडून परत घेतला. १९९५ च्या संग्रहात भारतीय वाद्यं आणि सूर यांच्याकडे जी मोकळी वाट झाली, ती या हक्काशिवाय झाली नसती. नक्कल करणाऱ्याला प्रयोग करता येत नाही, कारण त्याच्या चुकीचं माप आधीच कुणीतरी घालून ठेवलेलं असतं.

जागा गेली, चाहता बदलला

ध्वनिप्रदूषण नियम २००० साली आले. रुग्णालय, शाळा-महाविद्यालय, न्यायालय यांच्याभोवती शंभर मीटरपर्यंत शांतता क्षेत्र, आणि रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक बंद. रंगभवनाच्या एका अंगाला महाविद्यालय, जवळच कामा आणि जी.टी. रुग्णालयं. खुल्या नाट्यगृहाला भिंती वाढवून आवाज कोंडता येत नाही. रंगभवनातले रॉकचे कार्यक्रम थांबले. ‘इंडिपेंडन्स रॉक’ दुसऱ्या जागा शोधत राहिला, मधे खंड पडला, २०२२ मध्ये पुन्हा झाला. रुग्णाला झोप हवी हे मला मान्य आहे. मला खंत वाटते ती वेगळ्या गोष्टीची. जागा बंद झाली तेव्हा तिच्याऐवजी तशीच स्वस्त, मध्यवर्ती, खुली जागा कुणी दिली नाही.

डिसेंबर २०१० मध्ये पुण्यात कोरेगाव पार्कात ‘एनएच सेव्हन वीकेंडर’ सुरू झाला. विजय नायर यांच्या ‘ओन्ली मच लाउडर’ या कंपनीने तो उभा केला. हा माझ्या मते श्रोत्याच्या इतिहासातला खरा टप्पा आहे. इथे परदेशी गाण्यांच्या नकलेला स्थान नव्हतं. बँडने स्वतःची गाणी घेऊन यायचं आणि लोकांनी त्यासाठीच तिकीट काढायचं. मी एका वर्षी भाच्यासोबत गेलो. चाळिशी उलटलेला मी एकटा नव्हतो, पण फार जणही नव्हते. मंचावर पोरं स्वतःचं गाणं गात होती आणि समोरची पोरं त्यांच्यासोबत शब्द म्हणत होती. वीस वर्षांपूर्वीच्या माझ्या आरोळीची मला तिथे लाज वाटली.

दिल्लीच्या ‘इंडियन ओशन’चा ‘कंदिसा’ २००० साली, केरळच्या ‘अवियल’चा मल्याळम रॉक २००८ साली, अशा गोष्टींनी तोवर श्रोता घडवला होता. स्वतःच्या भाषेत, स्वतःच्या चालीत रॉक होऊ शकतो हे त्याला माहीत होतं. मुंबईच्या ‘अभंग रिपोस्ट’ने पुढे गिटार आणि ड्रम्सच्या साथीने अभंग गायला सुरुवात केली. त्यांच्यासमोर उड्या मारणाऱ्या पोरांना अभंग आजोबांकडून मिळाला असेल किंवा नसेल, पण तो ते पूर्ण ऐकतात.

तरीही या महोत्सवी श्रोत्याविषयी माझी एक तक्रार आहे. एकाच मैदानात एकाच वेळी अनेक मंच असतात. गाणं अनोळखी वाटलं की माणूस ओरडत नाही, तो निघून जातो. शेजारच्या मंचावर, खाण्याच्या ठेल्यावर, नाहीतर हातातल्या मोबाइलमध्ये. आम्ही रंगभवनात ओरडत होतो, कारण आम्हाला जायला दुसरी जागा नव्हती. हे वागणं सभ्य आहे, पण गायकाच्या दृष्टीने फरक किती? त्याला आरोळीऐवजी पाठ दिसते. आणि पुढे बकार्डीचं नाव महोत्सवाच्या नावाआधी लागलं, तेव्हा आमच्या डबलबारीच्या पत्रकावरचा ‘सौजन्य’वाला फोटो मला आठवला. पैसा कुठून तरी यावा लागतो हे खरं. पण ‘स्वतंत्र’ हा शब्द वापरताना तो कुठून आला हे वाचायची सवय ठेवावी.

बारीतला बुवा आणि मोबाइलमधला चाहता

आता गावी येऊ. डबलबारीत दोन भजनमंडळं आलटून पालटून गातात. नमन-स्तवन, अभंग, गौळण, शेवटी लय चढवत नेणारा गजर, आणि मधे पुराणातले प्रश्न. पहिल्या बुवाने कोडं घालायचं, दुसऱ्याने आपल्या बारीत उत्तर देऊन उलट कोडं घालायचं. चिंतामणी पांचाळ, परशुराम पांचाळ, विलास पाटील या बुवांची नावं आमच्या जिल्ह्यात आणि मुंबईच्या कोकणी वस्त्यांत ज्या आदराने घेतली जातात, तो आदर रेडिओ किंवा चित्रपटाने दिलेला नाही. मंडपामंडपात बसलेल्या श्रोत्याने तो दिला आहे.

या श्रोत्याची फर्माईश कशी होती? गावकीच्या खोलीत मामांच्या शेजारी बसून मी पाहिलं आहे. बुवाने उत्तरात एखादी कथा चुकीच्या पुराणाच्या नावावर खपवली, तर मागून एखादा गिरणीतून घरी बसलेला म्हातारा म्हणे, “बुवानू, ता खंयच्या पर्वात आसा?” बुवाला थांबून खुलासा करावा लागे. ही सुद्धा आरोळीच. पण तिने गाणं तोडलं नाही, बुवाला अधिक वाचायला लावलं. चाहत्याची मागणी वाईट असं मी म्हणत नाही. मागणीमागे ज्ञान असेल तर ती कलावंताला वर उचलते.

आज परिस्थिती मिश्र आहे. तरुण बुवांची तयारी, पेटीवरचा हात, पखवाजाची सफाई, ध्वनियोजना या गोष्टी पूर्वीपेक्षा सरस आहेत असं माझं स्पष्ट मत आहे. ‘तिरंगी सामना’, ‘२०-२० डबलबारी’ अशी नवी रूपं निघाली आहेत. ध्वनिक्षेपकाच्या वेळेचं बंधन आहे. वर्षातून ठरावीक दिवस बारापर्यंतची सूट सोडली तर रात्रभराची बारी आता घड्याळात बसवावी लागते, त्यामुळे आटोपशीर रूप येणं साहजिक आहे. त्याला ऱ्हास म्हणण्याचं कारण नाही.

ऱ्हास मला दिसतो तो श्रोत्यांमध्ये, म्हणजे आमच्यात. गेल्या काही वर्षांत मी ज्या बाऱ्यांना बसलो, त्यांत वारंवार हे घडलं : बुवा अभंगाची नवी चाल बांधून आलेला असतो. आलाप सुरू होतो. मंडपातले मोबाइल खाली जातात. मग कुणीतरी ओरडतं, गाजलेल्या चित्रपटगीताच्या चालीवरचा गजर घ्या. बुवा तो घेतो. सगळे मोबाइल वर येतात. दुसऱ्या दिवशी तो तुकडा जिल्हाभर फिरतो, पुढच्या गावची सुपारी त्या तुकड्यावर ठरते, आणि तिथे पुन्हा तोच मागितला जातो. प्रश्नोत्तरांचंही तसंच. पुराणातलं कोडं कुणी चित्रित करत नाही, प्रतिस्पर्धी बुवाला मारलेला टोमणा करतात. मग कोडी आखडतात आणि टोमणे लांबतात. दशावतारातही याचा भाऊबंद आहे. जिथे लिखित संहिता नसते आणि नट स्वतःच्या बुद्धीने संवाद उभा करतो, त्या नाटकाच्या जाहिरातीत ‘ट्रिकसीनयुक्त’ हा शब्द नटांच्या नावांपेक्षा ठळक छापला जातो.

इथे रंगभवनाचं चक्र उलट फिरलेलं दिसतं. तिथे नकलेपासून सुरुवात झाली आणि काही बँडनी हट्टाने स्वतःच्या गाण्यापर्यंत मजल मारली. इथे बुवाकडे स्वतःची चाल आधीपासून होती, आणि प्रेमानेच आम्ही त्याला नकलेकडे ढकलतो आहोत. मुंबईतली पोरं गिटार घेऊन अभंगाकडे येत असताना आमचा मंडप अभंग चालू असताना चित्रपटाची चाल मागतो, हे मला बोचतं.

भरताने सांगितलेल्या दोन सिद्धी

भरताच्या नाट्यशास्त्रात प्रयोग यशस्वी झाला हे कसं ओळखावं यावर एक संपूर्ण अध्याय आहे. त्यात दोन सिद्धी सांगितल्या आहेत. मानुषी सिद्धी म्हणजे माणसांनी दिलेली पावती. हसू, ‘साधु’, ‘अहो’ असे उद्गार, अंगावर रोमांच, जागेवरून उठणं, वस्त्र किंवा अंगठी मंचाकडे फेकणं. रॉकच्या गर्दीचं याहून नेमकं वर्णन मी अन्यत्र वाचलेलं नाही. दुसरी दैवी सिद्धी. रंगस्थळ भरलेलं आहे, पण आवाज नाही, गडबड नाही, कुठला उत्पात नाही. प्रयोगात येणाऱ्या विघ्नांची यादीही त्याच अध्यायात आहे, आणि शत्रूंनी आणलेल्या विघ्नांत मोठ्याने ओरडणं येतं. मित्राने प्रेमाने ओरडलेलं कुठे धरावं, याचा विचार मात्र आपणच करायला हवा.

मानुषी सिद्धीला मी कमी लेखत नाही. तिच्यासाठीच मी धोबीतलावला पावसात उभा राहत असे. पण भरलेल्या मंडपातली शांतता ही कंटाळ्याची खूण नसून यशाची दुसरी खूण आहे, हे भजनाच्या श्रोत्याला पूर्वी ठाऊक होतं आणि आता पुन्हा शिकायला हवं. कंपनीचा करार नाकारता येतो. प्रायोजकाचा फोटो लहान करता येतो. चित्रपटाकडे पाठ फिरवता येते. चाहत्याला मात्र नाही म्हणणं कलावंताला सर्वांत कठीण जातं, कारण तो प्रेमाने मागतो आणि त्याच्याशिवाय मंडप भरत नाही. म्हणून स्वतंत्र संगीताचा शेवटचा मालक मी चाहत्याला म्हणतो, आणि त्या मालकीतून कलावंताला मोकळं करण्याचं काम चाहत्यानेच करायचं आहे.

गावोगावच्या मंडळांना माझ्या तीन साध्या सूचना आहेत. एक, प्रत्येक बुवाची पहिली बारी फर्माईशीविना असावी आणि तसं आयोजकांनी सुरुवातीलाच जाहीर करावं. दोन, प्रत्येक सामन्यात प्रत्येक बुवाने निदान एक अभंग स्वतः बांधलेल्या चालीत म्हणावा आणि पत्रकावर तसा उल्लेख असावा. ‘सौजन्य’चा फोटो थोडा लहान केला तर तेवढी एक ओळ मावेल. तीन, मंडळांनी या नव्या चालींचं पूर्ण ध्वनिमुद्रण ठेवावं, नुसत्या गजराच्या तुकड्यांचं नव्हे. रेमोंनी शिवोलीतल्या घरी चार ट्रॅकवर जे केलं त्याहून जास्त सोय आज प्रत्येक पखवाजवाल्याच्या खिशात आहे.

गेल्या चतुर्थीत आमच्या शेजारच्या वाडीत बारी होती. एका तरुण बुवाने संथ लयीत एक चाल धरली, माझ्या पूर्ण अनोळखी. माझ्या पुढच्या रांगेतल्या मुलाने तोंडाशी हात नेला, ओरडण्यासाठी. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हटलं, “रे, एवढा सरांदे.” त्याने मागे वळून पाहिलं, थोडा वैतागला, पण थांबला. चाल पुढे अंतऱ्यात कुठे गेली ते आम्ही दोघांनीही ऐकलं.